मुलीला साथरोगांच्या तपासात काम करायचे आहे

स. न. वि. वि.

आपले जालन्याहून आलेले पत्र मिळाले. आपली कन्या बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीनंतर नीटमध्ये तिला हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागल्यापासून ‘साथ कुठून आली हे शोधणाऱ्यांत’ जायचे तिने मनाशी ठरवले आहे, असे आपण लिहिता. डॉक्टर नसलेल्या मुलीला या कामात जागा आहे का, नोकरी टिकते का आणि जिवाला धोका किती, असे आपले तीन प्रश्न आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी हे काम नेमके कसे चालते ते सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ‘तिला लॅबमध्ये विषाणू शोधायचे आहेत’ या आपल्या वाक्यावरून तिच्या मनातले चित्र थोडे वेगळे असावे, असे दिसते.

पुण्याचेच घ्या. गुलेन बारी हा हातापायांतील बळ कमी करणारा, मज्जातंतूंचा एरवी तुरळक आढळणारा आजार. पण सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी अशा लगतच्या भागांतून एकाच वेळी रुग्ण येऊ लागले, तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना घरोघरी पाठवून कोणाला आधी जुलाब झाले होते, कोण कोठले पाणी पिते, हे विचारावे लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा आणि काहींत पुढे गुलेन बारीला निमित्त ठरणारा जिवाणू सापडला आणि संशयाची दिशा पाण्याकडे, विशेषतः नांदेड गावच्या विहिरीकडे, वळली. प्रयोगशाळेचे महत्त्व मी कमी लेखत नाही. मात्र नमुने कोणाचे आणि कुठले घ्यायचे हे ठरते ते रुग्णांच्या यादीवरून. त्या यादीत वय, पत्ता, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि पाण्याचा स्रोत, इतके सगळे बिनचूक भरलेले असावे लागते. कर्मचारी तिला ‘लाइन लिस्ट’ म्हणतात, आणि या क्षेत्रातल्या माणसाचे निम्मे आयुष्य ती भरण्यात आणि तपासण्यात जाते.

मुलीला मी बिहारमधल्या मुझफ्फरपूरचा तपास मुद्दाम वाचायला सांगेन. लिचीच्या हंगामात तेथील लहान मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत आणि त्यांतील बरीच दगावत. कोणी याला विषाणूचा मेंदूज्वर म्हणे, कोणी उन्हाचा परिणाम. २०१४ मध्ये २६ मे ते १७ जुलै या काळात तेथील दोन रुग्णालयांत अशी ३९० मुले दाखल झाली आणि १२२ दगावली. दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था सीडीसी यांच्या पथकाने १०४ आजारी मुलांची तुलना आजारी नसलेल्या १०४ मुलांशी केली. आदल्या चोवीस तासांत लिची खाल्ली होती का आणि रात्रीचे जेवण झाले होते का, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांत दोन्ही गटांमध्ये मोठा फरक दिसला. लिचीतील विषारी घटकांमुळे शरीराला साखर तयार करता येत नाही आणि उपाशी झोपलेल्या मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर पुढे तज्ज्ञांत वादही झाले, आणि ते होणे चांगलेच. मुलांना रात्री जेवू घाला आणि रुग्णालयात आल्याबरोबर रक्तातील साखर तपासून ग्लुकोज द्या, असा सल्ला मात्र त्यातूनच मिळाला. माझ्या दृष्टीने येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. ज्याला काहीही झालेले नाही अशा घरीही तेवढ्याच चिकाटीने जाऊन प्रश्न विचारावे लागतात. आणि जंतू शोधायला निघालेल्याला जंतू नाही असे सिद्ध झाले, तर ते मान्य करण्याची तयारी ठेवावी लागते. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्याला दुसरी गोष्ट अधिक जड जाते, असा माझा समज आहे.

आपल्या जिल्ह्यात हे काम २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाखाली चालते. उपकेंद्रातील आरोग्यसेविका लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानावरून आणि प्रयोगशाळा खात्रीच्या तपासणीवरून माहिती पाठवतात. पूर्वी ती आठवड्याला कागदी तक्त्यांत जाई, आता ऑनलाइन भरली जाते. एखाद्या गावात जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले, की पथक जाते. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी आणि किती टाकली याची ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याकडे चौकशी करायची, मग गटाराजवळून गेलेली फुटकी पाइपलाइन शोधत चालायचे. दूरदर्शनवर दिसणाऱ्या पांढऱ्या पोशाखापेक्षा हे फार साधे आणि कष्टाचे आहे.

आता पहिला प्रश्न. डॉक्टर नसलेल्यांना जागा आहे, पण सर्व जागा नाहीत. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यासारखी पदे डॉक्टरांचीच असतात, राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस हा २०१२ पासूनचा दोन वर्षांचा प्रशिक्षण कार्यक्रमही मुख्यतः डॉक्टरांसाठीच आहे, आणि जिल्हा साथरोगतज्ज्ञाच्या कंत्राटी पदाच्या जाहिरातींतही कोणती तरी वैद्यकीय पदवी आणि त्यावर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) मागितलेले अनेकदा दिसते. आपल्या कन्येपुढे मला दोन वाटा दिसतात. तिचे मन खरोखर प्रयोगशाळेत रमत असेल, तर तिने साधी मायक्रोबायोलॉजी न घेता मेडिकल मायक्रोबायोलॉजीत किंवा पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेच्या विषाणूशास्त्रात एम.एस्सी. करावी. माणसांत फिरण्याची आणि आकड्यांची आवड असेल, तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचे अच्युत मेनन केंद्र येथील एमपीएचचा विचार करावा. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतील जैवसांख्यिकीचा अभ्यासक्रमही पाहण्यासारखा आहे. प्रवेशाच्या अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या संस्थेचे चालू माहितीपत्रक वाचावे. केवळ या कामासाठी पुन्हा नीटची तयारी करावी असे मला वाटत नाही. रुग्णांवर उपचार करण्याची मनापासून इच्छा असेल, तर तो विषय वेगळा.

टिकाऊपणाबाबत मी आपल्याला गोड बोलून फसवणार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बहुतेक पदे कंत्राटी असतात, मानधन एकत्रित असते आणि कराराचे नूतनीकरण होईपर्यंत माणूस अधांतरी राहतो. संशोधन प्रकल्पांतील नोकऱ्याही प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. ज्यांना सांख्यिकी आणि संगणकावरील विश्लेषण उत्तम येते, त्यांना एका ठिकाणचे काम संपले तरी दुसरे मिळवणे सोपे जाते, म्हणून एमपीएच करताना हा भाग कोणत्याही परिस्थितीत कच्चा राहू देऊ नये.

धोक्याविषयी आपली काळजी रास्त आहे, पण तिचे प्रमाण ओळखावे. सिंधुदुर्गात माकडतापाच्या, म्हणजे गोचिडींमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य तापाच्या, काळात मेलेले माकड सापडले, तर त्याच्याजवळ कोणी, कोणत्या काळजीने जायचे याचे नियम असतात. गोचिडीपासून बचाव करावा लागतो. आवश्यक लसी वेळेवर घेणे आणि नमुने हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाल्याखेरीज नमुन्याला हात न लावणे, ही शिस्त पाळली तर भीतीने मागे फिरण्याचे कारण नाही.

सध्या एक काम तिला द्यावे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे साप्ताहिक उद्रेक अहवाल संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतात. त्यांत जिल्हा, आजार, रुग्ण, मृत्यू, उद्रेक सुरू झाल्याची व कळवल्याची तारीख आणि केलेली कार्यवाही दिलेली असते. त्यांतील एका वर्षाच्या महाराष्ट्राच्या नोंदी तिने स्वतः तक्त्यात उतरवाव्यात आणि उद्रेक सुरू होणे व कळवले जाणे यांत किती दिवस गेले ते काढावे. हे काम तिला कंटाळवाणे वाटले, तर एमपीएचची फी भरण्याआधी पुन्हा विचार करावा. ती त्यात गुंतून गेली आणि ‘या तालुक्यातून दर पावसाळ्यात असेच का येते’ असे विचारू लागली, तर तो तक्ता घेऊन तिने जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना भेटावे आणि सुट्टीत काही दिवस त्यांच्या पथकाबरोबर जाऊ देण्याची लेखी विनंती करावी; अर्जासोबत महाविद्यालयाचे शिफारसपत्र जोडावे.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक