वडिलांना लकवा होऊन दोन महिने झाले. घाटंजीजवळच्या खेड्यातून रोज यवतमाळला नेणं जमत नाही. गावात येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा खरंच उपयोग होतो का?

होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन हेच काम करते.

लकव्यात तीच ती हालचाल रोज, महिनोन्महिने करावी लागते, तेव्हा मेंदूचा शाबूत भाग ते काम हळूहळू शिकतो. रोज शहरात न्यायचं तर ऑटोचं भाडं लागतं आणि सोबतच्याची मजुरी बुडते. कापूस वेचणीत तर कोणालाच सवड नसते. दोन-चार फेऱ्यांत उपचार सुटतात, आणि सुधारणा सगळ्यात वेगाने होते ते सुरुवातीचे महिनेच हातचे जातात. तुमचे दोन गेलेत, आता थांबू नका.

घरी जाण्याचं मोल मला एका शेतकऱ्याच्या घरी कळलं. दवाखान्यात दांड्या धरून ते छान चालायचे. घरी गेले, तर माणूस दिवसभर बाजेवर. बाजेला एवढा झोळ की उठताच येईना, उंबरठा वीतभर उंच, संडास सांदवाडीच्या टोकाला. मग आम्ही नवार ताणली, बाजेच्या पायांखाली विटा लावल्या, दाराशी धरायला दांडा ठोकला, संडासापर्यंत आडवा बांबू बांधला. व्यायाम एकच: सकाळ-संध्याकाळ बाजेवरून दहादा उठायचं-बसायचं. दीड महिन्याने ते म्हणाले, "आता संडासाले कोनाचा हात धरा लागत नाही मले." हे दवाखान्यात बसून मला सुचलंच नसतं.

पण सगळा भार घरच्यांवर टाकून चालत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले, तरी सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून महिन्यातून एकदा शिबिरात व्यायामाचा कागद हातात देणं मला पुरेसं वाटत नाही. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा, निदान पंधरा दिवसांनी. तुमची आई किंवा भाऊ व्यायाम करवताना त्यांनी समोर बसून पाहिलं पाहिजे. आशाताईंना मध्ये घ्या, त्या तसंही घरोघर फिरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्टचं पद सहसा नसतंच, याची मला फार खंत आहे. लकव्याचा माणूस शेवटी गावातच राहतो ना!

आणि एक आजपासूनच पाळा. वडिलांना लकव्याकडच्या हाताला धरून ओढून उठवू नका. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली सरकतो, मग इतकं दुखतं की माणूस हाताला हातच लावू देत नाही. कमरेला दुपट्टा घट्ट बांधा आणि तो धरून उठवा. खांदा आत्ताच दुखत असेल किंवा पंजा सुजला असेल, तर येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला सगळ्यात आधी तेच दाखवा. बीपीची गोळी चालू असेल, तर ती मात्र एक दिवसही चुकवू नका.