मारत नाही ना, मग हिंसा कसली?

प्रश्न : वकीलताई, नाव छापू नका. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन पोरं आहेत, नवरा शिरोलीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे. दीड वर्ष झालं त्याचं एकीबरोबर चालूय आणि आता लपवत पण नाही, माझ्यासमोरच व्हिडिओ कॉल करतो, मी बोलले की पोरांसमोर म्हणतो "आधी आरशात बघ जा". सहा महिन्यांपास्नं घरात पैसे देत नाही, मागितले की माहेरास्नं आण. सासूबाई म्हणतात पुरुषमाणूस आहे, अंगाला हात तर लावत नाही न्हवं, गप बस. पोलीस चौकीत गेले तर तिथं पण हेच, मारतो का? मी त्याच्या मोबाईलमधले स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, त्यावर त्या बाईवर केस होईल का? घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मला बाहेर काढतील अशी लई भीती वाटते. नणंद इचलकरंजीला असते, तिला सगळं माहितीय पण ती मध्ये पडत नाही.

उत्तर : ताई, आधी घराचं बोलूया, कारण झोप त्यानंच उडालीय तुमची. लग्न करून ज्या घरात तुम्ही नांदलात तिथं राहायचा हक्क कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नं दिलाय, घर कुणाच्या का नावावर असंना. सासऱ्यांच्या नावावरचं घरसुद्धा यात येऊ शकतं हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. कोर्टाच्या ऑर्डरशिवाय कुणी तुम्हाला धरून बाहेर काढू शकत नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र हक्कबिक्क न बघता सरळ माहेर गाठा, अर्ज तिथनंही करता येतो.

त्या बाईवर केस? नाही होणार. व्यभिचाराचं जुनं ४९७ कलम सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही बायकोला त्यात तक्रारच करता येत नव्हती, नवऱ्यानं दुसऱ्या पुरुषावर करायची असला प्रकार होता तो. व्यभिचार आता घटस्फोटाचं कारण आहे, गुन्हा नाही. कौटुंबिक हिंसाचारातही ती बाई येत नाही, ती तुमच्या घरातली नाही म्हणून.

आता "मारतो का". हा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ पासून, आणि त्यात मारहाण हा हिंसेचा फक्त एक प्रकार आहे. शिव्या, अपमान, टोमणे मारून खच्ची करणं ही भावनिक हिंसा, घरखर्च बंद करणं ही आर्थिक हिंसा, लैंगिक हिंसा वेगळी. (आपल्याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ ला बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केलेला, आणि चौकीत अजून वळ शोधतात. असो.)

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, लफडं हा शब्द या कायद्यात कुठं नाहीच. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळ केला तर पोलिसात गुन्हा होतो ते दंड संहितेचं ४९८अ कलम वेगळं, पण नुसते बाहेर संबंध आहेत एवढ्यावर त्यातली क्रूरताही होत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये म्हटलेलं, ते कलम आता नव्या भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय. त्यामुळं नवरा कुणाला भेटतो हे सिद्ध करत बसू नका, त्यापायी तो घरात तुमच्याशी कसा वागतो ते मांडा. समोर बसून व्हिडिओ कॉल, पोरांदेखत आरशाचं बोलणं, पैसे बंद, माहेरास्नं आण, हे सगळं एकत्र बघायचं असं कायदाच सांगतो. स्क्रीनशॉट असू देत, पण माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायका नवऱ्याच्या मोबाईलमागं वर्ष घालवतात आणि स्वतःचं काय झालं ते विचारलं की तारीखसुद्धा सांगता येत नाही. आजपासून वहीत लिहा, कधी, काय बोलला, कोण होतं. पासबुक भरून आणा, शाळेची फी, किराणा, दूध कुणी भरलं त्याच्या पावत्या ठेवा.

मग संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, महिला व बालविकास खात्याचे असतात, ते घटनेचा अहवाल करून मॅजिस्ट्रेटकडं पाठवतात. वकिलाला पैसे नसतील तर कसबा बावड्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. खर्च, राहणं, त्रास थांबवणं आणि मानसिक त्रासाची भरपाई, सगळं एकाच अर्जात मागा आणि अंतरिम आदेश लगेच मागा, कारण साठ दिवसांत निकाल हे कागदावर आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात ओ. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

राहता राहिली नणंद. तिला भावाशी भांडायला सांगू नका, ती नाहीच भांडणार. एवढंच विचारा की सणाला आलेलीस तेव्हा तुझ्यासमोर तो जे बोलला ते कोर्टात सांगशील का. लगेच हो म्हणणार नाही, पण तिचं नाव वहीत त्या तारखेपुढं लिहून ठेवा.