फी ठरवण्याआधी

नाशिकमध्ये समुपदेशन सुरू करतेयस, तर फीचं पहिल्याच फोनवर मोकळेपणानं बोल. "दर आठवड्याला किती झेपेल?" असं सरळ विचार. आणि कमी फी देणाऱ्याचे मिनिट कापू नकोस, ते मला अजिबात पटत नाही.

सातपूरच्या कारखान्यातल्या एक ताई फीचे पैसे रुमालाच्या गाठीत बांधून आणायच्या. अडचण मात्र फीची नव्हतीच, बुडणाऱ्या हजेरीची होती. शिफ्ट सुटल्यानंतरची वेळ दिली, मग एकही आठवडा चुकला नाही.

तेवढंही परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग सुचव. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारिद्र्यरेषेखालच्यांना तिथं मोफत उपचारांचा हक्क दिलाय. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चिठ्ठीवर ठळक लिहून दे.