पहिलं पिस्तूल घेण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सरावालाही चालेल आणि रात्री क्लासवरून परतताना पर्समध्येही राहील, असं एकच पिस्तूल सुचवा काका, असं तू लिहिलंस. असं पिस्तूल नसतं, बाळा. ही कामं दोन आहेत आणि तू आत्ता फक्त पहिलं धर.

तू १९ वर्षांची. स्वतःच्या नावावर शस्त्रपरवाना मागायला २१ पूर्ण व्हावी लागतात. एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं, मात्र ०.१७७ बोअरचं, म्हणजे ४.५ मिमी नळीचं, आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेची पिस्तुलं यातच बसतात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरला सुवर्ण घेतलं, त्या प्रकाराला .२२ बोअरचं पिस्तूल लागतं, ते पुढे बघू.

कंपनी कोणती, हे तू तीनदा विचारलंस. ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, कोणती, हे एकदाही नाही. माझं पहिलं पिस्तूल मी घाईनं घेतलं. ग्रिप लार्ज, माझा पंजा लहान. साईट, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, जुळवायला दर शॉटला मनगट किंचित वळवायचो. ते पिस्तूल विकलं, पण मनगटाची खोड मोडायला पुढची दोन वर्षं गेली. तुझ्या बाबतीत हे होऊ नये म्हणून इतकं लिहितोय.

पिस्तूल हातात घे, रिकामं आहे याची आधी खात्री कर. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ते खोलवर बसलं पाहिजे. तर्जनी ग्रिपच्या लाकडाला न घासता मोकळी राहिली पाहिजे आणि तिचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ मागे यायला हवं. आता डोळे मिट, हात निशाण्याच्या उंचीवर ने, डोळे उघड. पुढची साईट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर ग्रिप तुझी. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर पिस्तूल कितीही महागडं असो, खाली ठेव. थोडाफार फरक कानशीनं घासून किंवा लाकडाची पुट्टी भरून निघतो, साईझच चुकली असेल तर नाही.

वजन साधारण किलोभर असतं. एका हातावर, ७५ मिनिटांत ६० शॉट. निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. नियमाप्रमाणे ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम हवा. स्पर्धेआधी ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलतात, ते वजन सुटलं तर पिस्तूल बाद. तेव्हा दुकानदार ‘एकदम हलका केलाय’ म्हणाला, तर भुलू नकोस. वापरलेलं घेणार असशील तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाच. त्यात २०० बारपर्यंत दाब भरतात आणि दहा वर्षांपुढचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

आता संरक्षणाचं. तुझी भीती खोटी नाही, हे मी जाणतो. पण सिनेमात दिसणारं ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही. परवान्यावर मिळतं ते बहुधा .३२ बोअरचं. त्यासाठी पुण्यात पोलीस आयुक्तांकडे, गावी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग चौकशी, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, आणि जिवाला धोका का आहे याचं उत्तर. निवडणूक आली की अनेकांना ते पोलिसांकडे जमा करावं लागतं. आणि पर्सची चेन उघडून हत्यार बाहेर येईपर्यंत समोरचा हातघाईवर आलेला असतो. मग ते कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. एअर पिस्तूल तर कुणाला धाक दाखवायला बाहेर काढायचंच नाही. ते खरं नाही हे समोरच्याला कळत नाही, आणि तो खऱ्यानं उत्तर देईल. सध्या उशीर होणार असेल तर मैत्रिणीसोबत ये, ११२ हाताशी ठेव, आणि मला फोन कर. मी कितीही वाजता निघेन.

पैसे तूर्त बँकेतच राहू देत. रविवारी सकाळी सात वाजता बालेवाडीच्या रेंजवर ये, सपाट तळाचे बूट घालून. स्मॉल आणि मीडियम, दोन्ही ग्रिपची पिस्तुलं मी मागून ठेवली आहेत. पहिला तासभर छर्रा मिळणार नाही, नुसतं हात उचलणं आणि ड्राय फायरिंग, म्हणजे छर्र्याविना ट्रिगर दाबणं. नाश्ता करून ये, उपाशीपोटी हात थरथरतो.

तुझा,
काका