चाळीत टिकणारा कांदा कुठला, ते आधी बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एकूण 2 लाख घातलेत: 80 हजार बिटकॉइनमध्ये आणि 1 लाख 20 हजार एका लहान, फारसं नाव नसलेल्या क्रिप्टो कॉइनमध्ये. यातले 50 हजार पतसंस्थेचे, 14 टक्क्यांनी, जामीन वडील. आज बिटकॉइनचे 55 हजार राहिलेत आणि त्या कॉइनचे 12 हजार. "भाव परत येईपर्यंत थांबू का," असं विचारलंय.

दोन्हींना एकच उत्तर लावू नका. आमचे वडील सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा न्यायचे. भाव पडलेला असला तर उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवायचे, पण लाल कांदा कधी थांबवायचे नाहीत. त्यात पाणी जास्त, तो टिकतच नाही. मिळेल त्या भावाला विकून, विक्रीची पट्टी (पावती) घेऊन घरी यायचे. लागवडीला खर्च किती झाला, हा हिशेब त्या दिवशी निघायचा नाही.

बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात 16 हजारांच्या खाली आलं आणि मार्च 2024 मध्ये जुना उच्चांक ओलांडून गेलं. पुढच्या वेळीही असंच होईल, याची हमी मी देणार नाही. पण थांबायला काहीतरी आधार आहे. लुना नावाचं दुसरं क्रिप्टो कॉइन मात्र मे 2022 मध्ये 80 डॉलरच्या वरून आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आलं, आणि त्या कॉइनला तो भाव पुन्हा दिसला नाही.

माझेही 40 हजार अशाच एका लहान कॉइनमध्ये अडकले होते. तीन वर्षं रोज रात्री ॲप उघडून बघायचो. शेवटी विकायला गेलो तेव्हा पलीकडे घेणाराच नव्हता. तुमचं कॉइन 90 टक्के पडलंय, म्हणजे मुद्दल निघायला ते दसपट व्हावं लागेल. आज हातात रोख 12 हजार असते, तर हेच कॉइन घेतलं असतं का? नाही ना? मग विका. खरेदीदार कमी दिसले तर थोडं थोडं, भाव ठरवून विका. ॲव्हरेज करायला, म्हणजे स्वस्तात अजून घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणायला, आणखी पैसे घालू नका, एवढं माझं ऐकाच.

शेअरमधला तोटा नफ्यातून वजा होतो, म्हणून अनेक जण मार्चमध्ये तोट्यातले शेअर विकतात. इथे तसं चालत नाही. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर सेस. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. त्यामुळे कर वाचेल म्हणून विकू नका, आणि विकायचंच असेल तर त्यासाठी मार्चची वाटही बघू नका. विक्रीवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापला जाईल. तो रिटर्नमध्ये दाखवा, कर बसत नसेल तर परत मिळतो.

आता कर्ज. 50 हजारांचं व्याज वर्षाला 7 हजार. माझ्या मते लहान कॉइनचे 12 हजार आणि बिटकॉइनमधले 38 हजार काढून मुद्दल आधी फेडा. उरलेलं बिटकॉइन तुमच्या स्वतःच्या पैशाचं राहील, ते पाच वर्षं ठेवलंत तरी कुणाचा हप्ता चुकणार नाही. घरी अजून सांगितलं नाही, असं लिहिलंय तुम्ही. पतसंस्थेची पावती मिळाली की त्याच संध्याकाळी वडिलांच्या हातात द्या, आणि सगळं त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या.