भाकरी चालते, पण किती?

नव्याने मधुमेह कळला की बहुतेक जण आधी भात बंद करतात आणि ज्वारीच्या दोन भाकऱ्या खातात. इथेच गणित चुकतं. मध्यम फुलक्याला साधारण २५ ते ३० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग). घरची भाकरी ७० ग्रॅम पिठाची असली तर तिची कर्बोदकं ५० ग्रॅमच्या आसपास जातात. एकदा पिठाचा गोळा काट्यावर ठेवून बघाच.

ताट नऊ इंची घ्या. अर्ध्या ताटात पालेभाजी, दोडका, गवार, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. पाव भागात उसळ, अंडी, मासे किंवा पनीर. उरलेल्या पाव भागातच भाकरी किंवा भात. दोन्ही हवं असेल तर अर्धी भाकरी आणि अर्धी छोटी वाटी भात. बटाट्याची भाजी ही भाजी नव्हे, ती भाताच्या खात्यात धरा. पातळ वरणात प्रथिनं फारशी नसतात, ते घट्टच करा. गूळही साखरच, त्यात सूट नाही.

उपवास हा वेगळाच घोळ. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी आणि दही बरं.

पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजा. एरवी १८०च्या (mg/dL) आत राहणारी साखर एखाद्या दिवशी वर गेली, तर आधी भाकरी-भाताचं माप तपासा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर भाकरी-भात एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला. साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.