बाहुलीची आलमारी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात बाहुल्यांच्या कपड्यांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या तर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की बाकीचे शिवणकामाचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवले. सगळ्यांना उत्तर देता येत नाही, पण ज्यातून चारचौघींना उपयोग होईल ते घेतलंय.

ताई, माझ्याकडं साडेअकरा इंची फॅशनवाल्या बाहुल्या आहेत, सात-आठ. आजी वारली तिच्या लुगड्यातून एकीला नऊवार नेसवायची आहे. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा कमरेत एवढा गोळा झाला की बाहुली पोटुशी दिसते. माप तर बरोबर घेतलं होतं. (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

माप बरोबर घेतलं हेच तर झालं ना बाई! या बाहुल्या खऱ्या माणसाच्या साधारण एक षष्ठांश असतात. नऊवार म्हणजे ३२४ इंच, भागिले ६ केलं की ५४ इंच येतं, रुंदी साडेसात इंच. हिशोब एकदम चोख. पण कापडाची जाडी कुठं सहाने भागली जाते? लुगड्याचं सूत आहे तेवढंच जाड राहतं, आणि ५४ इंचाच्या निऱ्या त्या चिमटीएवढ्या कमरेवर बसवल्या की गोळा होणारच. मला स्वतःला हे समजायला चार बाहुल्या लागल्या.

म्हणून लांबी सरळ कमी करायची. मी ३६ ते ३८ इंचावर आणते आणि निऱ्या मोजक्या, पाच किंवा सहा, घेते. दुसरं म्हणजे निऱ्या खोचायच्याच नाहीत. कमरेपाशी निरीच्या आतल्या घड्या कापून टाकायच्या, वरची एकच घडी ठेवायची आणि पातळ व्हॉइलच्या पट्टीवर टाचायची, बाहेरून पूर्ण निरी दिसते आणि आत काहीच नसतं. कासोटा वेगळा तुकडा म्हणून मागं शिवायचा, पदरपण वेगळा, खांद्यावर एका टाक्याने धरायचा. बाजारात शिवलेली नऊवार मिळते ना, तिचंच लहान रूप समजा.

आजीचं लुगडं जुनं असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण शंभर वेळा धुतलेलं सूत मऊ आणि पातळ होतं आणि बाहुलीच्या अंगावर पडतं, नवं कापड ताठ उभं राहतं. फक्त कापायच्या आधी उजेडात धरून बघा, विरलेला भाग निऱ्यांत घेऊ नका, तो पदराच्या मागच्या बाजूला जाऊ द्या. लुगड्याचा काठ दोन इंची असेल तर तो बाहुलीच्या पार पोटरीपर्यंत येतो, काठातली एक रेघ तेवढी कापून घ्या, तीच तिचा काठ. आणि हो, सगळं लुगडं कापू नका. हातभर तुकडा पुरतो. बाकीचं घडी करून ठेवा, आजीचं आहे ते.

मशीनवर छोटा तुकडा घेतला की मशीन खाऊन टाकते. खाली ओढलं जाते आणि गुंता होतो. हातानेच शिवावं काय? (आर्वी, जि. वर्धा)

मशीन खात नाही, कापड पुढं सरकवणारे सुईखालचे जे दाते असतात त्यांना धरायला कापडच पुरत नाही. कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवा, दोन्ही मिळून शिवा, नंतर कागद हळूच फाडून काढा (पांढऱ्या कापडाला कोरा कागद घ्या, शाई लागते). सुरुवात रद्दी चिंधीवर करायची आणि न थांबता तिच्यावरून बाहुलीच्या कपड्यावर जायचं. सुई ९ किंवा ११ नंबरची, १६ ची सुई पातळ मलमलला भोकं पाडते. टाका बारीक ठेवा, दीड मिलिमीटरच्या आसपास. पायमशीन असेल तर उत्तमच, हाताने चाक फिरवून एकेक टाका टाकता येतो, मोटरवालीपेक्षा मला तीच बरी वाटते.

ब्लाऊज शिवताना बाही आधी लावायची, बगल आणि बाजू शेवटी, सपाट असतानाच सगळं उरकायचं. एवढ्याशा गोल बाहीत मशीनचा पाय जातच नाही. मागून पूर्ण उघडं ठेवा, नाहीतर बाहुलीचा हात घालताना अंगठा अडकून शिवण उसवते. हातावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला की बाही सरसर चढते.

मोठ्या आशेने लाल परकर पोलका घातला, दोन महिन्यांनी काढला तर पाय लाल! आणि पेटीतल्या दोन बाहुल्या चिकट झाल्यात, धूळ बसली की निघत नाही. पेटीत डांबर गोळ्या टाकल्या होत्या म्हणजे कीड तर लागली नाही. कानातली मी तांब्याच्या तारेची केली होती, तिथं हिरवं झालं. सगळंच बिघडलं हो ताई. (नागभीड तालुका, जि. चंद्रपूर)

सगळं नाही बिघडलं, पण तुमचं पत्र वाचून मलाच कसंतरी झालं, कारण यातली प्रत्येक गोष्ट मी बघितलेली आहे.

आधी डांबर गोळ्या काढा, आज, वाचता वाचता उठा आणि काढा. आपल्याकडं पैठणी असो की गोधडी, पेटीत गोळी पडलीच पाहिजे असं आहे, पण तिची वाफ प्लास्टिकमध्ये शिरते आणि त्याला मऊ करते. बाहुलीचं मऊ प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, वर्षं गेली की ते आपोआप बाहेर येऊ लागतं, उष्णतेनं अजून लवकर. आता चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू, पारा ४५ च्या वर, आणि पेटी बहुतेक टिनाच्या छपराखालच्या खोलीत असेल. पेटी तिथून काढून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, जमिनीवर नाही, पाटावर, भिंतीला चिकटवून नाही. चिकट बाहुलीला कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ कापडाने पुसा, कोरडी करा. चिकटपणा पुन्हा येईल, पुन्हा पुसायचं. पावडर लावून झाकू नका. आणि तिला प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात कोंबू नका, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा.

लाल डाग पाण्याने जाणार नाही, तो प्लास्टिकच्या आत गेलेला असतो. संग्रह करणाऱ्या बायका पिंपल्सचं बेंझॉईल पेरॉक्साईडवालं क्रीम डागावर लावतात, वरून पातळ प्लास्टिक गुंडाळतात आणि उजेडात ठेवतात, दर दिवशी बघतात. डाग फिका होतो पण मूळ रंगपण थोडा उडू शकतो, म्हणून पाठीवर कुठं तरी आधी करून बघा, चेहऱ्यावर तर नाहीच, तिथं डोळे-ओठ रंगवलेले असतात. हातात ग्लोव्ह्ज घाला, कपड्याला लागलं तर कपडा पांढरा पडतो.

पुढच्या वेळी लाल, काळं, गडद निळं कापड आधी दोन-तीनदा धुवा, ओल्या पांढऱ्या चिंधीत रात्रभर दाबून ठेवा, चिंधी रंगली तर ते कापड बाहुलीच्या अंगाला थेट लागू द्यायचं नाही, आत पांढऱ्या व्हॉइलचं अस्तर. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो म्हणतात, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि जो गडद कपडा फोटोपुरता घालायचा तो फोटो झाला की काढायचा.

तांब्याच्या तारा आत्ताच काढा, त्याच्यामुळंच कान हिरवे झालेत. नथ-कानातलं दोऱ्यात ओवून करा, नाहीतर स्टीलची तार घ्या.

किडीसाठी कडुनिंबाची पानं सावलीत कडक वाळवून पुरचुंडीत बांधा, कोपऱ्यात ठेवा, कपड्याला टेकू देऊ नका. पण कसर (कापड खाणारी कीड) लागायचं मूळ कारण म्हणजे खळ. साबुदाण्याची खळ घातलेला कपडा पेटीत ठेवला म्हणजे कसरीला जेवायला वाढलं. ठेवायच्या आधी खळ धुऊन काढा.

सासूबाई म्हणतात, दोन पोरांची माय झाली आणि बाहुल्या काय खेळते. मला वाईट वाटते. (पत्ता देऊ नका म्हणाल्या)

वाईट वाटू देऊ नका. महालक्ष्म्यांना कोठीवर बसवून साडी नेसवतो, निऱ्या पिनांनी जुळवतो, तेव्हा सासूबाईंचा हात किती सफाईने चालतो ते आठवा. भुलाबाईला पोरी दागिने घालतात, तान्ह्या पोळ्याला लाकडाच्या बैलाला झूल शिवतो, रुखवतात नवरा-नवरीच्या बाहुल्या मांडतो. बाहुली सजवणं आपल्या घरात कधी नव्हतं? दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर पिल्लईंनी १९६५ मध्ये बाहुल्यांचं म्युझियमच उभं केलं, देशोदेशीच्या बाहुल्या आपापल्या पोशाखात तिथं आहेत. आणि बार्बी १९५९ मध्ये आली तीसुद्धा रूथ हँडलर नावाच्या बाईमुळं, तिला आपली मुलगी कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांचे कपडे घालून खेळताना दिसायची. सासूबाईंनाच एक जुनं पातळ मागा आणि त्यांच्याकडून निऱ्या घालून घ्या.

करवतकाठी साडीचे तुकडे आहेत, आईच्या लग्नातली. टसर सुटतं फार, कापलं की दशा निघतात. आणि ठेवायचं कसं? (मोहाडी तालुका, जि. भंडारा)

तुमच्या भागाची साडी ती, तुमच्याच तालुक्यात विणणारे आहेत, मला हेवा वाटतो. टसर कापायच्या आधी खुणेच्या रेघेवर फॅब्रिक ग्लूचं बोट फिरवा, सुकू द्या, मग रेघेवरच कापा. शिवणीला पाव इंच सोडा, कमी नको. काठावर विणलेले करवतीसारखे दात बाहुलीला फार मोठे होतात, म्हणून अंगाला साधं टसर आणि दातांचा भाग फक्त पदराच्या टोकाला, एकच रांग. इस्त्री उलट्या बाजूनं, वर सुती कापड ठेवून.

ठेवताना घडी नको, घडीवर रेशीम चिरतं. जुन्या सुती साडीची गुंडाळी करून बोटाएवढी वळकटी करा आणि तिच्यावर टसर गुंडाळा. टाचणी लावून ठेवू नका, पावसाळ्यात गंजते. जरीचं काम असेल तर ते दुसऱ्या कपड्याला घासू नये म्हणून मध्ये मलमल. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि होळीनंतर, सावलीत हवा द्या, उन्हात नाही.

आणि प्रत्येक वळकटीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, कोणाची साडी, कोणत्या सालची, कोणत्या बाहुलीची. बॉलपेन नको, शाई उतरते. माझ्या पेटीत एक पिवळा पोलका आहे, कोणाच्या चोळीतून शिवला ते मला आता आठवत नाही, आणि सांगणारी आत्या राहिली नाही.